गुरुवारी बाजार थंड असतो

शिबिर गुरुवारी ठेवा,
असं मीच सांगितलं डॉक्टरीणबाईंना.
गुरुवारी दिवाळे गावात मासळी उठत नाही.
अर्धं बेलापूर उपासाला, उरलेलं वरणभातावर.
बायका बर्फावर गोणपाट टाकून बसतात
आणि माशांवरच्या माश्या हाकलतात.

माझं नाव कुमुद. आशा हे पद.
गावाला दोन्ही एकच वाटतं.
माझ्या वहीत तिशीच्या पुढच्या सत्तावीस बायका
आणि सत्तावीस कारणं.
हौसाबाई म्हणते, पाळी जाऊन दहा वर्षं झाली,
आता तिथं बघायचं काय राहिलंय?
द्रौपदी नवऱ्याला विचारून सांगणार होती.
नवरा बोटीवर.
बोट कधी येणार, ते बोटीला विचारा.
एकीनं तोंडावर दार लावलं,
मग खिडकीतून चहा दिला.

नागूबाई नाखवीण पाटावरून हललीच नाही.
"मना काय झायलंय गो?"
मी म्हटलं, मावशी, गिऱ्हाईक आलं की काय करतं?
कल्ला उचलून लाली बघतं,
पोटावर बोट दाबतं,
खळगा राहिला की पुढच्या पाटाकडे जातं.
तुम्ही चिडता, पण बघू देता.
एका पापलेटाची एवढी पारख,
आणि या देहाची पन्नास वर्षांत एकदाही नाही?

मग तिथंच, बर्फाच्या पाण्यात उभी राहून,
तीन बोटं जुळवून दाखवली.
टोकं नाहीत, सपाट पेरं.
काखेपासून सुरुवात करायची,
गोल, आणखी लहान गोल,
पीठ मळताना गुठळी हाताला लागते
तशी लागते का बघायचं.
लागलीच तर घाबरायचं नाही,
पण लपवायचंही नाही.

ती कोयती पुसत ऐकत होती.
पुसून झाल्यावर म्हणाली,
"आन तुजा झायला काय?"

बारा वर्षं मी या गावाची वही भरते.
डोस, वजनं, बाळंतपणं,
लोहाच्या गोळ्या किती घेतल्या,
किती खाडीत गेल्या.
माझं वय एक्केचाळीस.
वहीतली अठ्ठाविसावी ओळ कोरी.
म्हटलं, वेळच कुठे मिळतो, मावशी.
म्हणता म्हणताच ऐकू आलं,
हे अठ्ठाविसावं कारण.

दोघी गेलो.
बोटाला सुई टोचली तेव्हा नागूबाई हसली.
"शिंगाल्याचा काटा लागलाय कदी, सिस्टर?"
तिचं रक्त साडेअकरा.
माझं आठ.
सिस्टर घोडेस्वार आकड्याकडे बघत राहिल्या,
मग माझ्या पिशवीकडे,
जिच्यात गावाला वाटायच्या गोळ्यांची पाकिटं होती.
काहीच बोलल्या नाहीत.
बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.
नागूबाईचं प्रेशर मात्र वर.
"भाव वर आन मासली खाली, मंग काय व्हनार?"

मग हिरवा पडदा, अरुंद टेबल.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सैल सोडा.
ज्या शब्दांनी मी सत्तावीस जणींना समजावलं होतं
त्यातला एकही त्या क्षणी आठवेना.
कापसाच्या बोळ्यावर व्हिनेगर लावून
एक मिनिट थांबायचं.
पांढरा डाग उठला तर पुढची तपासणी,
नाही उठला तर काही वर्षांनी परत या.
पडद्याबाहेरून नागूबाई ओरडली,
"चायनीजच्या गारीवर असतंय त्याच काय गो?"
डॉक्टरीणबाईंचा हात हसण्यानं हलला.
हो, मावशी, तेच.

थंड. थोडं चुणचुणणारं.
छताला ओल आलेली, नकाशासारखी.
जेटीकडून एका इंजिनाचा आवाज,
द्रौपदीच्या नवऱ्याची बोट असेल, नसेल.
पडद्यापलीकडे नागूबाई
वाटे मोजावेत तसे सेकंद मोजायला लागली.
लाभ, दोन, तीन.
एक म्हणत नाहीत आमच्याकडे मोजताना.
पहिल्याला लाभच म्हणायचं.

चाळिसाला थांबून तिनं विचारलं,
"दुकतंय काय गो?"

मोजा, मावशी, मी म्हटलं.
मधेच सोडू नका.